झिजलेल्या नाण्यावरचा सम्राट
तांब्याचं रोमन नाणं पार झिजलं, तरी चेहऱ्याची बाह्यरेषा बऱ्याचदा टिकून राहते. एका बाजूने तिरपा उजेड पाडून नाणं हळूहळू फिरवावं. बुजलेले उंचवटे सावलीमुळे वर येतात.

आधी हनुवटी पाहावी. भरघोस दाढी असेल, तर नाणं बहुधा हेड्रियनचं (इ.स. 117 ते 138) किंवा त्याच्यानंतरचं, आधीचे सम्राट बहुतेक दाढी न राखणारे. मग मान. नीरोची जाडजूड मान डोळे-नाक पुसले गेले तरी लपत नाही.

काठावरची उरलीसुरली अक्षरं मोलाची, पण फसवीही. नुसतं ‘ट्रेजन’ वाचता आलं तर घाई करू नये. हेड्रियनच्या सुरुवातीच्या नाण्यांवर त्याच्या नावाआधी दत्तक पित्याचं, ट्रेजनचं, नाव येतं. तिथे निवाडा दाढीच करते.