वैयक्तिक धारिकांचा ऑफलाइन बॅकअप

ऑफलाइन बॅकअप म्हणजे क्लाउड सेवेत, अर्थात एखाद्या कंपनीच्या दूरस्थ संगणकांवर साठवलेली छायाचित्रे, दस्तऐवज व पत्रव्यवहार यांची प्रत उतरवून ती स्वतःच्या ताब्यातील आणि एरवी आंतरजालाशी न जोडलेल्या माध्यमावर जतन करणे होय. क्लाउडमधील खाते वापरकर्त्याच्या नावावर असले, तरी तेथील साठवण कंपनीच्या अटींनुसार चालते. या अटी बदलल्या किंवा सेवा बंद पडली, तरी धारिका हाती राहाव्यात, हा या पद्धतीचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी

भारतात अतिशय लोकप्रिय ठरलेली गूगलची ‘ऑर्कुट’ ही समाजमाध्यम सेवा ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाली. आपली माहिती उतरवून घेण्यासाठी वापरकर्त्यांना सप्टेंबर २०१६ पर्यंत मुदत होती. मराठीसह अनेक भारतीय भाषांत चालणारे ‘कू’ हे माध्यम २०२४ साली बंद झाले.

सेवा चालू असतानाही अटी बदलतात. ‘गूगल फोटोज’मधील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून थांबली. तेव्हापासून नवी छायाचित्रे, जीमेल व ड्राइव्ह यांना मिळून १५ जीबी मोफत जागा उरली. सलग दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले.

युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू असलेल्या विदासंरक्षण नियमांत स्वतःची माहिती सोबत नेण्याचा हक्क आहे. भारताच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये मात्र अशी स्वतंत्र तरतूद नाही.

सिंक व बॅकअप यांतील फरक

सिंक सुविधेमुळे एकच धारिका सर्व उपकरणांवर समान ठेवली जाते. त्यामुळे भ्रमणध्वनीवरून ती चुकून पुसल्यास क्लाउडमधूनही जाते. काढून टाकलेल्या धारिका गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस राहतात आणि नंतर कायमच्या नष्ट होतात. म्हणून केवळ सिंकवर विसंबणे म्हणजे बॅकअप नव्हे.

प्रत उतरवण्याची पद्धत

गूगलच्या सेवांसाठी २०११ पासून ‘टेकआउट’ ही सुविधा उपलब्ध आहे. हव्या त्या सेवा निवडल्यावर सर्व मजकूर झिप धारिकांच्या स्वरूपात मिळतो. त्याचा दुवा साधारण आठवडाभरच चालतो. छायाचित्रांना नंतर दिलेल्या ओळी व दुरुस्त केलेल्या तारखा ‘जेसन’ प्रकारच्या वेगळ्या धारिकांत येतात. त्या निरुपयोगी समजून टाकू नयेत. पेन ड्राइव्हची रचना फॅट-३२ असल्यास ४ जीबीपेक्षा मोठी धारिका त्यावर उतरत नाही; अशा वेळी एक्सफॅट रचना वापरावी.

मराठी धारिकांचा प्रश्न

युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी ‘श्रीलिपी’ किंवा सी-डॅकच्या ‘आयएसएम’ यांच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर तो फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपात दिसतो. धारिका सुरक्षित असूनही वाचता येत नाही. अशा मजकुराची युनिकोड प्रत व पीडीएफ प्रत मूळ धारिकेसोबत ठेवावी.

धारिकांना नावे देतानाही विचार आवश्यक असतो. औरंगाबाद शहराच्या नामांतरास केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये मान्यता दिली. त्यामुळे मुकुंदवाडीतील एखाद्या कुटुंबाच्या जुन्या व नव्या कागदांवर शहराची दोन वेगवेगळी नावे असू शकतात. ‘२०१९-मालमत्ताकर-मुकुंदवाडी’ अशा नावात वर्ष आरंभी असल्याने धारिका क्रमाने लागतात आणि न बदललेल्या वस्तीच्या नावाने सर्व कागद एकत्र सापडतात.

३-२-१ नियम

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेल्या या नियमानुसार धारिकेच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी असावी. क्लाउडमधील प्रत कायम ठेवून घरी एक हार्ड डिस्क व नातेवाइकांकडे दुसरी ठेवल्यास हा नियम पाळला जातो. पेन ड्राइव्ह व एसएसडी दीर्घकाळ विजेविना पडून राहिल्यास त्यांतील विदा पुसट होऊ शकते. हार्ड डिस्कचे यांत्रिक भाग झिजतात. म्हणून माध्यम काही वर्षांनी बदलावे आणि उष्णता व दमटपणा यांपासून दूर ठेवावे. काम संपताच डिस्क संगणकापासून वेगळी करावी; जोडलेली डिस्क खंडणीखोर विषाणूच्या तावडीत सापडू शकते.

पडताळणी व वारसा

झिप धारिका उघडून, वेगवेगळ्या वर्षांची छायाचित्रे पाहून आणि धारिकांची संख्या ताडून झाल्याशिवाय क्लाउडमधील मूळ प्रत पुसू नये. अन्यथा एकच प्रत उरते व बॅकअपचा हेतूच विफल होतो. सांकेतिक कुलूप लावलेल्या डिस्कचा परवलीचा शब्द हरवल्यास मजकूर परत मिळवणे जवळजवळ अशक्य असते. तो शब्द कागदावर लिहून विश्वासू व्यक्तीकडे ठेवल्यास खातेदाराच्या पश्चात कुटुंबीयांना धारिका मिळू शकतात. खाते ठरावीक काळ न वापरले गेल्यास निवडलेल्या व्यक्तीला त्यातील माहिती देण्याची सोय गूगलने २०१३ पासून केली आहे. मात्र ती खातेदाराने हयातीतच सुरू करून ठेवावी लागते.