एका यंत्रात चार बिऱ्हाडे

स्नेहमेळाव्यासाठी आलेले माजी विद्यार्थी हल्ली ग्रंथालयात डोकावले की एक प्रश्न हमखास विचारतात. पुस्तकांची देवघेव संगणकावर होते, इंटरनेट बंद असले तरी वर्गात विकिपीडिया उघडतो, कार्यालयात दाखल्याची प्रत मागताक्षणी सापडते. मग या साऱ्याचा सर्व्हर ठेवला आहे कोठे? आम्ही त्यांना कार्यालयामागच्या खोलीत नेतो आणि लोखंडी कपाटावरची, जाड शब्दकोशाएवढी एक काळी पेटी दाखवतो. बहुतेकांना ती थट्टा वाटते. ती थट्टा नव्हे हे समजावून सांगावे, आणि या पेटीपायी आमच्या हातून घडलेली एक चूकही पालकांसमोर मोकळेपणाने मांडावी, या दुहेरी हेतूने हा लेख लिहीत आहोत.

ही पेटी म्हणजे एखाद्या कंपनीच्या कार्यालयातून निवृत्त झालेला लहान आकाराचा संगणक होय. त्यात सहा कोअरचा प्रोसेसर आहे. मूळची ८ जीबी रॅम काढून आम्ही ३२ जीबी बसवली. एवढ्या सगळ्याचा खर्च एका बऱ्यापैकी मोबाइल फोनइतका आला. तथापि या एका पेटीत आज चार स्वतंत्र संगणक नांदत आहेत. कार्यालयाचा विंडोजवर चालतो, कारण हिशेबाचे जुने सॉफ्टवेअर दुसरीकडे चालतच नाही. ग्रंथालयाच्या संगणकावर 'कोहा' ही ग्रंथालय-प्रणाली आहे. तिसऱ्यावर वर्गांच्या चाचण्या आणि टिपणे ठेवणारे 'मूडल' आहे. चौथा मुलांच्या सरावासाठी, वाटेल तसा मोडावा आणि पुन्हा उभा करावा असा. यांपैकी एकालाही स्वतःचे शरीर नाही. यांनाच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी यंत्रे, म्हणतात.

वसतिगृहात राहिलेल्यांना ही कल्पना समजणे अवघड नाही. इमारत एक, पाण्याची टाकी एक, विजेचा मीटर एक. परंतु खोल्या वेगळ्या, कुलपे वेगळी. एका खोलीत गोंधळ झाला तर शेजारच्या खोलीतला अभ्यास थांबत नाही. खोल्यांचे वाटप करणारा आणि कोणी दुसऱ्याच्या खोलीत घुसू नये हे पाहणारा एक अधीक्षक मात्र लागतो. संगणकाच्या भाषेत त्या अधीक्षकाला हायपरव्हायजर म्हणतात. आपण खऱ्या यंत्रावरच चालत आहोत अशी आतल्या विंडोजची पक्की समजूत असते. तो डिस्कवर लिहितो तेव्हा प्रत्यक्षात ते लेखन अधीक्षकाकडे सोपवलेल्या एका मोठ्या फाइलीत किंवा डिस्कच्या राखून ठेवलेल्या भागात जाते. तो नेटवर्कवर काही पाठवतो तेव्हा ते एका आभासी स्विचमधून बाहेर पडते.

ही युक्ती नवी नाही, आणि ती श्रीमंतीतून नव्हे तर टंचाईतून जन्मली आहे, याचे आम्हांला विशेष वाटते. १९६०च्या दशकात संगणक इतके महाग होते की एका यंत्रावर अनेकांनी काम करण्यावाचून गत्यंतर नव्हते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज येथे आयबीएमचे एक वैज्ञानिक केंद्र होते. तेथील मंडळींनी एकाच मोठ्या यंत्रावर प्रत्येकाला संपूर्ण संगणकाचा भास देणारी प्रणाली घडवली. पुढे १९७२ साली व्हीएम/३७० या नावाने कंपनीने तिचे व्यापारी रूप जाहीर केले. आपल्या टेबलावरच्या संगणकाचा प्रोसेसर मात्र या कामाला मुळीच सोयीचा नव्हता. काही आज्ञा अशा होत्या की त्या आभासी यंत्राने दिल्या असता अधीक्षकाला त्याचा पत्ताच लागत नसे. १९९८मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने अशा आज्ञा चालत्या प्रवाहातच बदलून टाकण्याची शक्कल लढवली. २००५पासून इंटेलने आणि पाठोपाठ एएमडीने ही सोय थेट प्रोसेसरमध्येच दिली. २००७ साली केव्हीएम हा भाग लिनक्सच्या गाभ्यात सामील झाला आणि साधे लिनक्सच अधीक्षकाचे काम करू लागले. आम्ही वापरतो ते प्रॉक्समॉक्स डेबियन लिनक्सवर उभे असून आत हेच केव्हीएम आहे. ते मुक्त स्रोत असल्याने त्यासाठी काही मोजावे लागले नाही. विंडोजचे तसे नाही. आभासी यंत्रातल्या विंडोजलाही रीतसर परवाना घ्यावा लागतो, आणि आम्ही तो घेतलेला आहे.

प्रोसेसरमधली सोय असणे आणि ती चालू असणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी. आमचे पहिले दोन दिवस यातच गेले. प्रॉक्समॉक्स बसले, पण एकही आभासी यंत्र सुरू होईना. शेवटी नववीतल्या एका मुलाने सुचवले म्हणून आम्ही संगणक सुरू होतानाच्या बायोसच्या पडद्यावर गेलो. तेथे व्हर्च्युअलायझेशनचा पर्याय बंद होता. तो चालू केला आणि पाच मिनिटांत काम झाले. दोन दिवस चाळलेल्या माहितीपेक्षा त्या मुलाचे एक वाक्य अधिक उपयोगी पडले, हे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे.

आता वाटपाविषयी. येथेच नवखे लोक फसतात. प्रोसेसर हा भोजनगृहातल्या तव्यासारखा आहे. सहा तव्यांवर पाळीपाळीने शेकडो भाकऱ्या होतात, कारण सगळे एकाच क्षणी ताट घेऊन उभे नसतात. म्हणून सहा कोअर असताना चार यंत्रांना मिळून दहा दिले तरी सहसा बिघडत नाही. रॅम मात्र खाटांसारखी असते. एका खाटेवर रात्री एकच मूल झोपू शकते. आम्ही विंडोजला ८ जीबी दिली, कोहा आणि मूडल यांना प्रत्येकी ४, सरावाच्या यंत्राला ६. आणि अधीक्षकासाठी निदान ४ जीबी हात न लावता ठेवली. सुरुवातीला सरावासाठी एकदम १६ जीबी देण्याचा मोह झाला होता. परिणाम असा की रॅम अपुरी पडताच अधीक्षकाने स्वतःच्या बचावासाठी सर्वांत मोठे यंत्र परस्पर बंद केले. भर तासाला.

विकिपीडियासाठी वेगळे यंत्र न करता आम्ही कंटेनर वापरला आहे. त्याला स्वतःची खोली असते, पण चूल वेगळी नसते. लिनक्सचा गाभा तो अधीक्षकाचाच वापरतो. त्यामुळे त्याचे १ जीबी रॅममध्ये भागते. चित्रांसह संपूर्ण इंग्रजी विकिपीडिया सुमारे १०० जीबीच्या एका फाइलीत मावतो आणि 'किविक्स' नावाचा प्रोग्राम तो वर्गांना वाढतो. मराठीची फाइल त्यामानाने पुष्कळच लहान आहे. जेथे भिंत पक्की हवी तेथे आभासी यंत्र, जेथे विश्वासातला पाहुणा आहे तेथे कंटेनर, असा आमचा नियम आहे. विद्यार्थ्यांच्या दाखल्यांचे यंत्र आणि सरावाचे यंत्र यांच्यामध्ये तर नेटवर्कही वेगळे ठेवले आहे. प्रॉक्समॉक्सचे नियंत्रणाचे पान विद्यालयाच्या आवाराबाहेरून उघडत नाही, आणि ते तसे उघडावे असा आग्रह कोणी धरू नये.

विजेचा हिशेब सांगण्याजोगा आहे. आमच्या मापनात पेटी सरासरी २० वॅट घेते. अहोरात्र चालली तरी वर्षाला सुमारे १७५ युनिट होतात. त्याऐवजी ६० वॅटचे चार संगणक रात्रंदिवस चालवले असते तर हा आकडा २१०० युनिटच्या घरात गेला असता. विदर्भातल्या उन्हाळ्यात मात्र खोलीचे तापमान आणि धूळ हे खरे शत्रू ठरतात. एप्रिल ते जून आम्ही दर पंधरवड्याला झाकण उघडून पंख्याची जाळी साफ करतो.

येथवर वाचून वाचकांना वाटेल की सारे सुरळीत झाले. तसे झाले नाही. चार बिऱ्हाडे एका छपराखाली आणली की छप्पर कोसळल्यावर चारही उघड्यावर येतात, ही गोष्ट आम्हांला माहीत होती, समजलेली नव्हती. प्रॉक्समॉक्समध्ये स्नॅपशॉट नावाची सोय आहे. एखादा बदल करण्यापूर्वी यंत्राची त्या क्षणीची अवस्था टिपून ठेवावी आणि बिघडले तर मागे यावे. आम्ही रोज सायंकाळी स्नॅपशॉट घेत होतो आणि त्यालाच बॅकअप समजून निश्चिंत होतो. परंतु स्नॅपशॉट राहतो त्याच डिस्कवर. प्रवेशाच्या दिवसांत, जून महिन्यात, रात्री वीज तीन-चार वेळा ये-जा करीत होती. सकाळी पेटी सुरू केली तर डिस्क ओळखलीच जाईना. यंत्रे गेली आणि त्यांच्यासोबत सारे स्नॅपशॉटही गेले.

ग्रंथालयाची नोंद रजिस्टरवरून पुन्हा भरता आली. कार्यालयाचा हिशेब एका पेनड्राइव्हवर होता. मात्र मधल्या अकरा दिवसांत स्कॅन केलेले जातीचे व उत्पन्नाचे दाखले कोठेच नव्हते, आणि मूळ प्रती पालक परत घेऊन गेले होते. शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत जवळ आलेली. आम्ही एकेका घरी फोन केले. पेरणीचे दिवस. एक माता दोन बसगाड्या बदलून, दिवसाची मजुरी बुडवून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले दाखले घेऊन आल्या. त्यांनी एका शब्दानेही आम्हांला दोष दिला नाही. स्कॅन होईपर्यंत त्या बाकावर बसून राहिल्या आणि निघताना एवढेच म्हणाल्या, "सर, आता नीट ठेवा जी." मुदतीपूर्वी सर्व अर्ज गेले. त्या पालकांची या पानावरून आम्ही पुन्हा एकदा क्षमा मागतो.

त्यानंतर व्यवस्था बदलली. पेटीला यूपीएस जोडला आणि त्याची संदेशाची तारही लावली. वीज जाऊन बॅटरी उतरू लागली की आधी चारही यंत्रे क्रमाने बंद होतात व शेवटी पेटी. रोज रात्री दोन वाजता प्रत्येक यंत्राची संपूर्ण प्रत वेगळ्या बाह्य डिस्कवर उतरते. अशा दोन डिस्क आहेत. एक जोडलेली असते, तर दुसरी विद्यालयाच्या आवाराबाहेर, जवळच्या गावी राहणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थिनीच्या घरी. दर रविवारी त्यांची अदलाबदल होते. त्यांतला मजकूर सांकेतिक स्वरूपात असतो. त्यामुळे डिस्क वाटेत हरवली तरी मुलांची माहिती कोणाच्या हाती लागणार नाही.

एवढ्यावर आम्ही थांबलो असतो तरी पुन्हा फसलो असतो. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी आम्ही एका यंत्राची प्रत प्रत्यक्ष उभी करून पाहतो. पहिल्याच खेपेस ग्रंथालयाचे यंत्र सुरू झाले, पण पुस्तकांच्या मुखपृष्ठांची चित्रे दिसेनात. शोध घेता कळले की त्या यंत्राला दोन आभासी डिस्क होत्या आणि दुसरीच्या पुढील 'बॅकअप' ही चौकट आमच्याच हातून खुणेविना राहिली होती. रोज रात्री काम यशस्वी झाल्याचा संदेश येत होता, आणि तो खोटाही नव्हता. जेवढे सांगितले होते तेवढे त्याने इमानाने केले होते. आता ही शनिवारची कसोटी दहावी झालेली मुले घेतात आणि तिची वही ग्रंथालयात असते. ती कोणीही पाहावी.

आपल्या कार्यालयातून असे लहान संगणक काढून टाकत असतील आणि ते विद्यालयास देण्याचा विचार असेल तर एवढे पाहून घ्यावे: प्रोसेसरला व्हर्च्युअलायझेशनची सोय असावी, रॅम ३२ जीबीपर्यंत वाढवता यावी, आणि आत दोन डिस्क बसण्याची जागा असावी. त्यांवरील जुनी माहिती देणाऱ्यांनी स्वतः पुसून द्यावी. दुसरी पेटी मिळाल्यास ती मुलींच्या वसतिगृहात ठेवण्याचे ठरले असून तेथपर्यंतची तार दिवाळीच्या सुटीत टाकून झाली आहे.