चवड, चळत आणि मोळी

‘कुंभार : माती :: लोहार : ?’ असा प्रश्न फळ्यावर लिहून खाली ऐरण, भाता, विळा आणि लोखंड असे चार पर्याय दिले, तर पाचवीच्या वर्गात चारही पर्यायांवर बोट ठेवणारी मुलं निघू शकतात, आणि त्यातलं एकही बोट अगदीच भलतीकडे पडलेलं नसतं. ऐरण लोहाराचीच, भाताही त्याचाच, विळाही त्यानेच घडवलेला. मूल इथे चुकतं ते शब्द माहीत नसल्यामुळे नव्हे. ते तिसऱ्या शब्दाचा जवळचा सोबती शोधतं आणि पहिल्या दोन शब्दांमधलं नातं बघायचं राहून जातं. बुद्धिमत्ता चाचणीत या प्रश्नप्रकाराला समसंबंध म्हणतात. तो शिकवण्याचं खात्रीचं साधन माझ्या मते एकच आहे: उत्तराकडे वळण्याआधी नात्याचं पूर्ण वाक्य मुलांकडून म्हणून घेणं. पहिलं वाक्य बहुधा ढिलं येतं. ‘कुंभार मातीत काम करतो.’ पण मातीत शेतकरीही काम करतो, गवंडीही करतो. मग वाक्य आवळायचं: ‘कुंभार मातीपासून वस्तू घडवतो.’ आता लोहाराला त्याच वाक्यात बसवलं की लोखंडच उरतं. माती पुसून तिथे ‘मडकं’ लिहिलं की उत्तर विळ्यावर सरकतं. ‘चाक’ लिहिलं तर भाता आणि ऐरण दोन्ही हक्क सांगतात, कारण दोन्ही साधनं आहेत. तेव्हा वाक्य आणखी एकदा आवळावं लागतं: चाकावर मडक्याला आकार येतो, तसा लोखंडाला आकार कशावर येतो? भाता विस्तव फुलवतो, आकार येतो तो ऐरणीवर. पर्याय तेच राहिले, वाक्य बदललं आणि उत्तर दोनदा बदललं. हे एकदा डोळ्यांसमोर घडलं की समसंबंध म्हणजे जोड्या पाठ करणं नव्हे, हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

तरी मार्गदर्शक पुस्तकांमध्ये भर असतो तो याद्यांवरच. प्राणी आणि त्यांची पिल्लं, प्राणी आणि त्यांची घरं, आणि सर्वांत लांबलचक यादी समूहदर्शक शब्दांची. या यादीचं मला फार वाईट वाटतं, कारण तिच्याइतका तर्काचा खजिना मराठीत दुसरीकडे क्वचितच सापडेल आणि तो आपण घोकंपट्टीत घालवतो. भाकरींची चवड, नाण्यांची चळत, उसाची मोळी, पालेभाजीची जुडी, गवताची पेंढी, धान्याची रास, केळ्यांचा घड, द्राक्षांचा घोस, किल्ल्यांचा जुडगा. ‘समूह’ एवढं एकच नातं धरलं तर हे सगळे शब्द एका पोत्यात जातात. पण चवड आणि चळत यांत चपट्या वस्तू एकावर एक रचलेल्या असतात. मोळी, जुडी, पेंढी बांधलेल्या असतात. रास ओतलेली असते. घड आणि घोस कुणी केलेले नसतात, ते झाडावेलीवर तसेच वाढतात. जुडग्यात किल्ल्या एका कडीत ओवलेल्या असतात. म्हणजे यातला प्रत्येक शब्द समूह कसा झाला हे सांगतो. ‘भाकरी : चवड :: नाणी : ?’ या प्रश्नात चळत आणि रास दोन्ही पर्याय दिले, तर यादी पाठ असलेलं मूल अडतं, कारण नाण्यांची रासही होऊ शकते. भाकरी कशा ठेवलेल्या असतात, हे वाक्यात बोललेलं मूल अडत नाही. आणि पिकायला घातलेल्या आंब्यांची अढी? ती बांधलेली नसते, नुसती ओतलेलीही नसते. तिच्या रचनेला पिकवण्याचा हेतू चिकटलेला आहे. त्यावर वर्गात वाद झाला तर तास वाया गेला असं समजू नये.

नातं बोलून दाखवल्याने खरंच फरक पडतो का, याला चांगला पुरावा आहे. मेरी गिक आणि कीथ होलीओक या मानसशास्त्रज्ञांनी १९८० मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पोटातली गाठ तीव्र किरणांनी नष्ट होते, पण तेवढे तीव्र किरण वाटेतला निरोगी भागही जाळतात, काय करावं? बऱ्याच जणांना उत्तर सुचत नाही. प्रयोगातल्या लोकांना आधी एका सेनापतीची गोष्ट वाचायला दिली. किल्ल्याकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेवर सुरुंग पेरलेले आहेत, मोठी फौज गेली तर ते फुटतील, म्हणून तो सैन्याच्या लहान तुकड्या वेगवेगळ्या वाटांनी एकाच वेळी पाठवतो. सौम्य किरण अनेक बाजूंनी गाठीवर एकवटायचे, हे उत्तर त्या गोष्टीतच होतं. तरीही आपणहून ते उचलणारे दहांत साधारण तीनच निघाले. गोष्टीचा उपयोग होईल असं सुचवल्यावर मात्र सुमारे तीन चतुर्थांश लोकांना ते जमलं. १९८३ च्या पुढच्या प्रयोगांत दोन गोष्टी देऊन त्यांतलं साम्य लिहायला सांगितलं, तेव्हा ज्यांनी ते तत्त्व नेमकं लिहिलं त्यांना नव्या प्रश्नात ते आपणहून सुचण्याचं प्रमाण बरंच वाढलं. मोठ्यांनाही नातं शब्दांत पकडल्याशिवाय हाताशी येत नसेल, तर दहा वर्षांच्या मुलाकडून वेगळी अपेक्षा कशी करायची?

यावर शिक्षकांचा पहिला आक्षेप वेळेचा, आणि तो खोटा नाही. शिष्यवृत्ती परीक्षेच्या एका पेपरात ९० मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे प्रश्नाला ७२ सेकंद. पण वाक्य मोठ्याने म्हणायचं ते सरावात. परीक्षेपर्यंत ते मनातल्या मनात क्षणात होतं, जसं पाढ्यांचं होतं. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हे प्रश्न तर्क तपासतच नाहीत, मूल कुठल्या घरात वाढलं ते तपासतात. अमेरिकेतल्या एसएटी परीक्षेतला एक प्रश्न याच टीकेमुळे गाजला. धावपटूचं जे मॅरेथॉनशी, ते वल्हवणाऱ्याचं कशाशी? उत्तर होतं ‘रेगाटा’, म्हणजे नौकांची शर्यत. श्रीमंत घरातल्या मुलाला तो शब्द माहीत असण्याची शक्यता अधिक. २००५ मध्ये त्या परीक्षेतून शाब्दिक समसंबंध काढूनच टाकले. आपल्याकडे शहरातल्या मुलाने भाता पाहिलेला नसतो आणि पाड्यावरच्या मुलाने सरकता जिना. आक्षेप मला मान्य आहे, पण त्याने वाक्याची गरज वाढते. ‘धावपटू मॅरेथॉन नावाच्या शर्यतीत उतरतो, तशी वल्हवणाऱ्याचीही काहीतरी शर्यत असणार’ इथवर पोचलेल्या मुलीचा तर्क पूर्ण झालेला आहे, अडलाय फक्त एक शब्द. तो चित्र दाखवून मिनिटात देता येतो. नुसत्या चुकीच्या पर्यायावरून ही मुलगी आणि अंदाजाने टिक करणारा मुलगा सारखेच दिसतात.

पुढे विज्ञानाच्या तासाला असंच नात्याचं वाक्य पुन्हा लागतं. वीज शिकवताना पाण्याचा दाखला सर्रास दिला जातो: नळीतून पाणी, तसा तारेतून प्रवाह. ‘दाब वाढला की नळीतलं पाणी जोरात वाहतं, विभवांतर वाढलं की तारेतला प्रवाह वाढतो’, असं नातं लिहून ठेवलं असेल तर दाखला कुठवर चालतो हे तपासता येतं. नळी कापली तर पाणी सांडत राहतं. तार कापली तर वीज सांडत नाही, प्रवाहच थांबतो. मग तारेच्या बाबतीत ‘वाहणं’ म्हणजे नक्की काय, हा प्रश्न मुलं स्वतःच विचारतात.