फुगा घट्ट झाला, पण पेट्रोल पोचलं का?

सुरतेजवळचं सचिन तापीच्या काठावर नाही, पण लिंबायत-उधन्यापासून सचिनपर्यंतच्या पट्ट्यात राहणाऱ्या खानदेशी माणसाला तापी काय करू शकते हे सांगावं लागत नाही. मुलताईला उगम पावून जळगाव, धुळे, नंदुरबार मागे टाकत ती सुरतेत येते. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सुमारे 9 लाख क्युसेकपर्यंत पाणी सुटलं आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. आजही मिठी खाडी भरली की लिंबायतच्या गल्ल्यांत बोट घालावी लागते. बोटीच्या मागे लावलेलं आउटबोर्ड इंजिन वर्षातले बहुतेक महिने शेडमध्ये पडून असतं आणि एका रात्रीत त्याच्याकडून पूर्ण ताकद हवी असते. रोज समुद्रात जाणाऱ्या मच्छीमाराच्या इंजिनापेक्षा हे पडून राहिलेलं इंजिनच जास्त दगा देतं. कारण बहुधा पेट्रोलच्या पुरवठ्यातच असतं, पण शोध भलत्याच टोकापासून सुरू होतो.

इंजिन दोन मिनिटं चालून बसलं की पहिलं वाक्य ठरलेलं: “पंप गेला.” पंप जातो, नाही असं नाही. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर एक पातळ डायफ्राम हलतो आणि पेट्रोल ओढतो. तो कडक झाला किंवा फाटला की पुरवठा तुटतो. पण पंप उघडण्याआधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पाहा. टाकी गाडीतून नेताना तो बंद करतात आणि पाण्यात उतरण्याच्या घाईत तसाच राहतो. पेट्रोल बाहेर जातं, त्याची जागा घ्यायला हवा आत येत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि इंजिन उपाशी राहतं. झाकण सैल करताना सुस्स आवाज आला, तर दोष तिथेच सापडला.

दुसरा साक्षीदार म्हणजे नळीवरचा रबरी फुगा, प्रायमर बल्ब. त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा, आणि दाबताना फुगा बाण वर करून उभा धरायचा, म्हणजे आतल्या झडपा नीट बसतात. “फुगा घट्ट झाला म्हणजे पेट्रोल पोचलं” हा समज इथलाच. घट्ट फुगा सांगतो ते फक्त त्या क्षणापुरतं: कार्बोरेटरची वाटी भरली, नीडल बंद झाली. पुढेच कुठे नळी तुंबली असेल, तरीही तो असाच घट्ट होतो. खरी माहिती इंजिन जोरात चालत असताना मिळते. तेव्हा फुगा चपटा होऊन आत ओढला जात असेल, तर अडथळा फुग्याच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे: हवेचा स्क्रू, टाकीतली गाळणी, मुडपलेली नळी. चपटा होत नाही, पण हाताने दाबत राहिलं की इंजिन सावरतं आणि सोडलं की पुन्हा बसतं, तर पंप कमजोर आहे किंवा नळी कुठेतरी एअर घेते आहे. आणि कितीही दाबला तरी तो घट्टच होत नसेल, तर कपलिंगची ओ-रिंग, सैल क्लॅम्प आणि फुग्याच्या झडपा तपासा. इंजिनातून पेट्रोल बाहेर ठिबकत असेल, तर कार्बोरेटरची नीडल अडकून उघडी राहिली आहे.

एअर घेणारी नळी बाहेरून कोरडी दिसते, म्हणून “गळत नाही, म्हणजे ठीक आहे” असं वाटतं. मात्र ओढीखाली असलेली फट पेट्रोल बाहेर टाकण्याऐवजी हवा आत घेते. इंजिनाजवळ हातभर पारदर्शक, पेट्रोलला टिकणारी नळी जोडा आणि रेस द्या. बुडबुडे धावताना दिसले की शंका उरत नाही. जुन्या नळीचा आतला थर सुटून ओढीबरोबर मिटतो, बाहेरचं रबर मात्र धडधाकट दिसतं. टाकीची बाजू की इंजिनाची, हा वाद मिटवायचा सोपा उपाय म्हणजे दुसरी खात्रीची टाकी, तिच्या स्वतःच्या नळी-फुग्यासह लावून पाहणं. इंजिन सुधारलं, तर पाना इंजिनाला लावायची गरजच नाही. एवढी एक टाकी प्रत्येक बचाव पथकाकडे वेगळी ठेवलेली असायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

“शेडमध्ये ड्रममध्ये लावून पाहिलं, मस्त चाललं,” हेही नेहमीचं. ड्रममध्ये बोटीचं आणि माणसांचं ओझं नसतं. 40 अश्वशक्तीचं इंजिन जागेवर तासाला लिटर-दीड लिटर पितं, पूर्ण जोरात 15 लिटरच्या आसपास. अर्धी तुंबलेली गाळणी पहिल्याला पुरते, दुसऱ्याला नाही. शिवाय कार्बोरेटरमध्ये संथ चालीचा मार्ग वेगळा आणि मेन जेट वेगळा. म्हणून चाचणी पाण्यात, ओझं घेऊन, निदान दहा मिनिटं करावी.

त्यात टू-स्ट्रोकचा धोका वेगळाच. त्याचं ऑइल पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल कमी पडलं की वंगणही कमी आणि उष्णता जास्त. पिस्टन जाम होऊ शकतो. यावर “थोडं जास्त ऑइल टाकू” हा इलाज उलटा पडतो, कारण त्याच जेटमधून ऑइल जास्त गेलं की पेट्रोल कमी जातं, आणि प्लगही काळा पडतो. 50:1 सांगितलं असेल, तर लिटरला 20 मिलि, बस.

आता इथेनॉल. जून 2022 मध्ये देशातलं पेट्रोल सरासरी 10 टक्के इथेनॉलवर आलं, 2025 मध्ये 20 टक्क्यांवर. लोक म्हणतात, ते हवेतलं पाणी शोषून आठवड्यात नासतं. इतक्या वेगाने ते होत नाही. पाणी मुख्यतः पावसातून येतं, उघड्या स्क्रूतून आणि सैल झाकणातून. 10 टक्क्यांच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे पाच-सहा मिलिपेक्षा जास्त पाणी गेलं की इथेनॉल पाण्याला घेऊन तळाशी बसतं. 20 टक्क्यांचं पेट्रोल जास्त पाणी पचवतं, पण एकदा फुटलं की तळाचा थरही जाड होतो. टाकीची नळी नेमकी तळातूनच ओढते, आणि ऑइल राहतं वरच्या पेट्रोलमध्ये. म्हणजे इंजिनाला मिळतं पाणी-इथेनॉल, तेही वंगणाशिवाय. पाहायचं असेल तर तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि अर्धा तास हलवू नका. मधे रेघ दिसली की ती टाकी रिकामी करायची. त्यात नवं पेट्रोल ओतून भागत नाही.

सुकलेल्या पेट्रोलचा चिकट थर बसलेला जेट तारेने टोचू नका. भोक मिलिमीटरच्या अंशाचं असतं, ते मोठं होतं. बाटलीतलं क्लीनरही टाकीत ओतून पूर्ण बंद जेट उघडत नाही, कारण तिथून काही वाहतच नाही. कार्बोरेटर काढून, क्लीनरमध्ये भिजवून, हवेच्या दाबानेच तो साफ होतो.

आणि काही वेळा पेट्रोलचा संबंधच नसतो. आवाज चढतो पण बोट पुढे जात नाही, तर पंख्याचं रबरी हब घसरतंय. इंजिन झटक्यात बंद पडलं, तर आधी किल स्विचची दोरी पाहा. पुराच्या पाण्यात प्लास्टिक अडकून थंड पाण्याची वाट बुजली, तर तापलेलं इंजिन स्वतःच रेस कमी करतं.

पावसाळा संपला की टाकी रिकामी करावी, आणि कार्बोरेटरची वाटीही तिच्या तळाच्या स्क्रूतून. पुढच्या वर्षी टाकी बोटीत नव्हे, जमिनीवर ठेवून ताज्या पेट्रोलने भरावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचते आणि किल्ली फिरवताना उडालेली एक ठिणगी तिला पुरते.