ठणकावून म्हणजे ओरडून नव्हे!

एका शब्दापायी मी एका मुलाचे वर्ष जवळजवळ घालवले होते. शब्द इंग्रजी, अगदी साधा, शाळेतल्या पहिल्या-दुसऱ्या पुस्तकात भेटणारा: 'लाउडली'.

प्रकार असा झाला. आमच्या महाविद्यालयाच्या कचेरीत एका विद्यार्थ्याची आणि कारकुनाची फीवरून खटकली. मुलगा म्हणे पैसे भरले, कारकून म्हणे नोंद नाही. प्रकरण चौकशी समितीपुढे गेले. तिथे हजर असलेल्या शिपायाने मराठीत जबाब लिहून दिला. समितीतल्या एका सभासदांना मराठी येत नव्हते, म्हणून त्या जबाबाचे इंग्रजी करण्याचे काम माझ्याकडे आले. मराठी शिकवणाऱ्याच्या गळ्यात असली कामे न सांगता पडतात! जबाबात वाक्य होते, 'मुलाने ठणकावून सांगितले की पैसे भरले आहेत.' रात्रीचे अकरा वाजलेले, शेजारी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. मी 'ठणकावून'साठी 'लाउडली' लिहिले आणि निजलो.

दुसऱ्या दिवशी बैठकीत तेवढ्या शब्दावर मुलगा उर्मट ठरला. पैशांची गोष्ट बाजूलाच राहिली. कचेरीत आरडाओरडा करणाऱ्याला यंदा परीक्षेला बसू द्यावे की नाही, यावर खल सुरू झाला. मी तिथेच बसलो होतो. पोटात गोळा आला. 'भाषांतर पुन्हा तपासायला एक दिवस द्या,' असे मी कसेबसे म्हणालो. 'एका शब्दाने असे काय होणार?' एक गृहस्थ म्हणाले. १९०८ च्या खटल्यात लोकमान्यांनी 'केसरी'तल्या आपल्याच लेखांच्या सरकारी इंग्रजी भाषांतरावर किती कडाडून आक्षेप घेतले, हे त्यांना सांगावेसे वाटले. पण चूक माझीच असल्याने गप्प राहिलो.

घरी येऊन कोश काढले. पाहतो तो इंग्रजीने आवाज आणि जोर यांची खाती वेगवेगळी ठेवलेली. 'लाउडली' हा निव्वळ कानाचा मामला. हा 'लाउड' आपल्या 'श्रुत'चा चुलतभाऊ आहे, हे वाचून मी चाटच पडलो. दोघांचे मूळ एक आणि अर्थही 'ऐकू आलेला' एवढाच. 'व्होसिफरसली'मध्ये ओरड्याला हट्टाची जोड आहे. त्यातला लॅटिन 'व्हॉक्स' म्हणजे आपली वाच्, आणि पुढचा धातू आपल्या 'भृ'चा भाऊ. 'स्ट्रायडंटली' म्हणजे न वंगणलेल्या बिजागरीसारखे करकरत. कोणाचा आवाज 'स्टेंटोरियन' म्हणतात तो होमरच्या 'इलियड'मधल्या स्टेंटरवरून. याचा आवाज पन्नास जणांच्या आवाजाएवढा! हीरा देवी त्याचे रूप घेऊन ग्रीक सैन्याची कानउघाडणी करते. बिचाऱ्याचा उल्लेख एवढाच, पण नाव कोशात जाऊन बसले.

जोराच्या खात्यात 'फर्मली', 'फोर्सफुली', 'एम्फॅटिकली', 'व्हेहेमंटली' ही मंडळी. यांतल्या 'व्हेहेमंटली'चे रक्त तापलेले असते, तेव्हा आवाज चढण्याचा संभव आहे. 'फर्मली' बोलणारा बहुधा खालच्या पट्टीतच बोलतो. आणि 'एम्फॅटिक'च्या मुळाशी जो ग्रीक धातू आहे त्याचा अर्थ 'दाखवणे, उजेडात आणणे'. आपल्या 'भा' धातूशी त्याचे नाते. तिथे घशाचा संबंधच नाही.

जाता जाता 'अलाउड'बद्दल सांगतो, कारण तो मुलांना फार फसवतो. पूर्वी त्याचा अर्थ मोठ्याने असाच होता. आता 'मनातल्या मनात नव्हे, ऐकू येईल असे' एवढाच उरला आहे. आपण दोन्हींना 'मोठ्याने' म्हणतो. त्यामुळे 'थिंकिंग अलाउड'चे 'मोठ्याने विचार करीत' असे भाषांतर उत्तरपत्रिकांत हटकून सापडते. विचार बोलून दाखवावा, मोठ्याने कसला करता?

मग मराठीत अशी दोन खाती नाहीत काय? आहेत तर! फक्त आपण जोर बहुधा क्रियापदातून आणतो आणि पुढे 'ऊन' लावतो. 'ठासून' सांगणे घ्या. ठासणीच्या बंदुकीत दारू ठासतात, तेच हे ठासणे. 'रेटून' म्हणजे खांदा लावून ढकलीत. म्हणून तर 'खोटे बोल पण रेटून बोल' असे म्हणतात. 'ठणकावून'मध्ये आवाज आहे खरा, पण तो घशाचा नव्हे, धातूचा आहे. कल्हईवाल्याने भांडे बोटाने ठोकले की ठण् करते तसा. घशासाठी आपल्याकडे टिपेचा सूर आहे, तारस्वर आहे, घसा फोडणे आहे, कानीकपाळी ओरडणे आहे. गंमत अशी, की इंग्रज माणूस आवाजाच्या शेंड्यावर चढून ओरडतो आणि आपण बेंबीच्या देठापासून! परा वाणीचे स्थान आपण नाभीत मानतो, त्याचाच हा संस्कार असावा, अशी माझी आपली अटकळ.

हे सारे दुसऱ्या बैठकीत सांगण्याची सोय नव्हती. मी एवढेच म्हणालो, की शिपायाला पुन्हा बोलवा. तो आला.

"मुलगा ओरडला होता का?"

"छे हो, साहेब. हळूच बोलला. पण असा बोलला की सगळ्यांनी हातातली कामं थांबवली."

मी 'लाउडली' खोडून वर 'फर्मली' लिहिले आणि समासात सही केली. शिस्तीचा मुद्दा तिथेच निकालात निघाला आणि पैशांची चौकशी सुरू झाली, जी आधीच व्हायला हवी होती. पावती पुढे आठवड्याभरात मुलाच्या मामांच्या कपाटात मिळाली.

मुलगा भेटायला आला तेव्हा मी त्याला पहिला शब्दही सांगितला आणि तो कोणी लिहिला होता तेही. तो काहीतरी म्हणाला; मला ते दोनदा विचारावे लागले, इतका हळू आवाज.

"सर, मी ओरडलो नव्हतो," तो म्हणत होता.

मग त्याने खिशातून पावती काढली, तिची घडी माझ्या टेबलावर उलगडली आणि तारखेवर बोट ठेवले.