दिरहम : इराणी चांदीपासून आपल्या निसाबपर्यंत

रमजान जवळ आला की घरोघरी हिशेब सुरू होतो : चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे. हा आकडा मुळात 200 दिरहमांचा आहे, आणि दिरहम हे नाणे अरबांचे नव्हतेच.

पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांच्या काळात हिजाजमध्ये टांकसाळ नव्हती. सोन्याचे दीनार रोमकडून येत आणि चांदीचे दिरहम इराणच्या सासानी साम्राज्याकडून. सासानी दिरहम रुंद, पातळ आणि सुमारे 4 ग्रॅम वजनाचा. एका बाजूला मुकुटधारी बादशाह, दुसऱ्या बाजूला अग्निवेदी आणि तिचे दोन रक्षक. सूरह यूसुफमध्ये हजरत यूसुफ (अलै.) यांना मोजक्या दिरहमांत विकल्याचा उल्लेख आहे, तो याच शब्दाने.

इराण जिंकल्यावर मुसलमानांनी ही नाणी वितळवून टाकली असतील, असे वाटेल. तसे झाले नाही. 31 हिजरीच्या सुमारास, हजरत उस्मान (रजि.) यांच्या खिलाफतीत, बादशाह यज्दगर्दची प्रतिमा आणि अग्निवेदी तशीच ठेवून कडेला फक्त ‘बिस्मिल्लाह’ कोरलेली नाणी निघू लागली. करबलाच्या इतिहासात ज्याचे नाव आपण दुःखाने घेतो, त्या उबैदुल्लाह इब्न जियादचे नावही अशा नाण्यांवर पहलवी लिपीत आहे! बाजारपेठ चालायची तर लोकांच्या ओळखीचे नाणे हवे, हे त्या राज्यकर्त्यांना उमजले होते.

79 हिजरीत खलीफा अब्दुल मलिक यांनी नवा दिरहम पाडला. त्यावर चित्र नाही. एका बाजूला कलमा, दुसऱ्या बाजूला सूरह इख्लासचे शब्द. वजनही ठरले : दहा दिरहम म्हणजे सात मिस्काल, म्हणजे एक दिरहम सुमारे 2.975 ग्रॅम. 200 दिरहमांचे 595 ग्रॅम होतात. आपल्याकडचे उलेमा साडेबावन्न तोळे, म्हणजे सुमारे 612 ग्रॅम धरतात.

घोटाळा होतो तो तोळ्यात. जुना तोळा 11.664 ग्रॅमचा, आज सराफाच्या दुकानात तोळा म्हणजे 10 ग्रॅम. त्या हिशेबाने साडेबावन्न तोळे 525 ग्रॅमच भरतात. म्हणून भाव विचारताना तोळा हा शब्दच टाळावा आणि 612 ग्रॅम चांदीची किंमत काय, असे विचारावे.