कोयनेच्या मानेवरची भेग

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटे झाली होती. भूकंपाने कोयनानगर हादरले आणि धक्का पुण्यापर्यंत जाणवला. पानशेत धरण फुटून जेमतेम सहा वर्षे झाली होती. १२ जुलै १९६१चा पूर पाहिलेल्या या शहराला धरणाची बातमी म्हटली की धस्स व्हायचे. कोयनेच्या खोऱ्यात सुमारे १८० माणसे दगावली, घरे जमीनदोस्त झाली. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण मात्र उभे राहिले, पण अंगावर भेगा घेऊन.

या भेगांची जागा मला अजूनही थक्क करते. पाण्याचा दाब सर्वांत जास्त तळाशी, म्हणून तिथे धरण ७० मीटर रुंद. भेगा पडल्या त्या पायापासून साधारण ६६ मीटरवर, कोरड्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो आणि रुंदी जेमतेम १९ मीटर उरते. त्या मानेवर आणखी सुमारे ३७ मीटर उंचीचा जड माथा. नुसत्या पाण्याच्या दाबाचा हिशेब केला, तर या जागेची कोणी चिंता करावी असे काही नव्हते.

भूकंपासाठी त्या काळी वजनाच्या ५ टक्के आडवा भार धरत आणि तो खालपासून वरपर्यंत सारखाच लावत. प्रत्यक्षात धरणाच्या गॅलरीतल्या त्वरणमापकाने नदीच्या दिशेने गुरुत्वाच्या जवळपास निम्मा हिसका नोंदवला. म्हणजे गृहीतकाच्या दसपट! शिवाय माथा पायापेक्षा कितीतरी जास्त झुलतो, हे त्या सरळ हिशेबात येतच नव्हते.

काँक्रीटमधून धक्क्याची लाट सेकंदाला सुमारे ४ किलोमीटर वेगाने जाते. पायातून माथ्याशी पोचायला तिला सेकंदाचा जेमतेम चाळिसावा भाग लागतो. माथ्यावर पुढे नुसती हवा, म्हणून लाट उलटते, आणि उलटताना दाबाचा ताण होतो. दाब काँक्रीट सहज सोसते. ताण मात्र त्याला त्या दाबाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढाच पेलतो. अशा कितीतरी फेऱ्या होतात, तेव्हा कुठे धरणाचा एक झोका पूर्ण होतो. त्याला सेकंदाचा सुमारे तिसरा हिस्सा लागतो. प्रत्येक झोक्यात मानेची एक बाजू ओढली जाते, दुसरी दाबली जाते, मग उलट.

भेगेचे टोकही धक्क्याला लगेच बळी पडत नाही. लाट आदळल्यावर टोकावरचा ताण वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढत जातो. त्यामुळे जोरदार पण क्षणिक धक्का भेग जागची हलवत नाही, आणि त्याहून सौम्य पण जरा जास्त टिकणारा धक्का ती फाडत नेतो. मानेशी झोका धिमा होता, म्हणजे भेगेला वाढायला सवड होती. धरणाच्या काही खंडांत कोरड्या बाजूला पाझर दिसला, तेव्हा तिथे भेग आरपार गेली असणार. तरी माथा घसरला नाही. माझ्या मते याचे श्रेय माथ्याच्या वजनाला, भेगेच्या खडबडीत कडांना आणि पुढच्याच क्षणी उलटलेल्या झोक्याला द्यायला हवे.

१९७३ साली बर्कले विद्यापीठातले अभियंते अनिल चोप्रा यांनी सहकाऱ्यासह त्या त्वरणमापकाची नोंद संगणकावर चालवली. मानेशी येणारा ताण काँक्रीटच्या कुवतीपलीकडे जातो, हे गणितातून निघाले. आज जगभर कुणी धरण तडकण्याची नवी आकडेमोड मांडली की ती आधी कोयनेवर तपासतात.

पुण्याचा धागा खडकवासल्याला आहे. तिथल्या, १९१६ साली सुरू झालेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राच्या भूकंपमापकांमुळे मोठ्या धक्क्याआधीच्या लहान हादऱ्यांचीही नोंद झाली होती. भेगांचा ठाव घ्यायलाही लाटच वापरतात, फक्त हलक्या हाताने. काँक्रीटवर दोन शोधक टेकवायचे, एकाने स्पंद सोडायचा, दुसऱ्याने टिपायचा. धड काँक्रीटमध्ये मीटरभर अंतराला साधारण २५० मायक्रोसेकंद लागतात. मध्ये उघडी भेग आली की लाट तिच्या टोकाला वळसा घालून येते, वेळ वाढतो, आणि त्या वाढीवरून खोली काढतात.

कोयनेच्या भेगांत इपॉक्सी भरले, माथा ताणलेल्या पोलादी केबलींनी खाली बांधला, आणि नंतर कोरड्या बाजूने काँक्रीटचे आधार उभारून ती अरुंद मान जाड केली.